बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता

३ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या नवऱ्याच्या, पृथ्वीराजच्या ट्रॅक्टर शोरूमकडून दर वर्षी एक डायरी फुकट मिळते आणि दर वर्षी सासूबाई तिच्यात रांगोळ्यांचे ठिपके काढून ठेवतात. यंदा मी ती आधीच पळवली. कारण आज जे झालं ते कुठंतरी लिहिलं नाही तर माझं पोट फुटेल.

पुण्याहून फोन आला. अमृत नावाचा माणूस, कोथरूडला त्याचं दुकान आहे. त्याच्या मामीनं अक्कलकोटहून परतताना सोलापुरात आमची शेंगा चटणी घेतली होती, ती म्हणे दोन दिवसांत घरात संपली. त्याला तीनशे पाकिटं पाहिजेत, दहा मार्चपर्यंत. लोकांना आवडली तर दर महिन्याला. मी फोन कानाला लावून ओट्याला धरून उभी होते. शेवटी तो म्हणाला, "तुमचा रजिस्ट्रेशन नंबर तेवढा पाठवा, पाकिटावर छापलेला लागतो." मी म्हटलं, "पाठवते की." कसला नंबर ते मला काडीचंही ठाऊक नव्हतं!

आता डायरीला सगळं सांगायला पाहिजे. मी आणि मीनाबाई शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात सहा वर्षं शेजारी बसत होतो. त्या कॉलर लावायच्या, मी काजं-बटणं. दुपारी त्यांचा डबा उघडला की चटणीवर सगळ्या बायका तुटून पडायच्या. गेल्या जूनमध्ये मालकानं निम्म्या मशीन बंद केल्या, आम्ही दोघी घरी. मी म्हटलं, मीनाबाई, रडत बसण्यापेक्षा चटणी विकू. जुलैपासून त्या कुटतात, मी पाकिटं भरते आणि विकते. पाकिटावर छापलंय, ‘पायलची शेंगा चटणी, उखळात कुटलेली’. चटणी त्यांची, डोकं माझं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मीनाबाईंना सांगायला गेले. दारात गाडी उभी केली, हॉर्न दिला, त्या पिशव्या घेऊनच बाहेर आल्या. तीनशे पाकिटं म्हटल्यावर त्यांनी गालावर हात ठेवला. "अगं बया! लई झालं की ताई."

"जमेल ना?"

"जमंल. न जमायला काय झालं. आत या की, च्या ठेवते."

त्या नेहमी म्हणतात आणि मला नेहमी गडबड असते. मग मी रजिस्ट्रेशनचं सांगितलं, की घरच्या घरी खायचं करून विकायचं तरी सरकारी कागद लागतो, मला आजच कळलं. त्या म्हणाल्या, "कागदाचं म्हनता व्हय? ते आमच्या साक्षीनं—"

"तुमच्या लेकीला कशाला त्रास? तिला पोस्टातून सुट्टी मिळत नाही. मी बघते सगळं."

त्यांनी पिशव्या माझ्या गाडीला अडकवल्या. त्यांचं हे मला आवडतं, एकदा मी बघते म्हटलं की मध्ये मध्ये करत नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पृथ्वीराज मोबाइलवर अर्ज भरत होता, मी शेजारी बसून सांगत होते. फोटो, आधार, पदार्थाचं नाव, सगळं भराभर झालं. मग तो थांबला. "जिथं पदार्थ तयार होतो तिथला पत्ता. कुणाचा टाकू?"

मी म्हटलं, "आपला."

"चटणी तर मीनाबाईंकडं होते."

"पाकिटं इथं भरते ना मी? म्हणजे इथंही होतेच."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, त्यांचा पत्ता लांबलचक आहे, अमक्याच्या मागं, तमक्याच्या समोर, लेबलवर मावायचा नाही. भवानी पेठ म्हटलं की कसं, लोकांना लगेच कळतं, जुनं सोलापूर, विश्वास बसतो. आणि नाव आधीपासून माझंच चाललंय, आता बदललं तर गिऱ्हाईक गोंधळेल. मीनाबाईंना तरी नावाची कुठं हौस आहे? त्यांनी एकदाही तोंडातून शब्द काढला नाही.

त्यानं आमचा पत्ता टाकला. खाली एक चौकोन होता, ‘वरील माहिती खरी आहे’. तिथं त्यानं फोन माझ्या हातात दिला, म्हणाला तूच दाब. मी दाबलं.

सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही. कारखान्यातल्या एक बाई चटणी करतात एवढंच त्यांना ठाऊक. कुठल्या, कोण, हे त्यांनी कधी विचारलंही नाही. नवलच आहे म्हणा, एरवी त्या भाजीवालीचं माहेर, सासर, आडनाव काढल्याशिवाय मेथीची जुडी घेत नाहीत. त्यांचं वय झालंय, कशाला उगाच डोक्याला ताप.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अन्न खात्याच्या ऑफिसातून फोन. मला वाटलं होतं नंबर मेसेजनं येईल. तर मॅडम म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी, एकवीस तारखेला, घरी पाहणीला येते. आणि पुढं म्हणाल्या, "चटणी करायचं काम चालू ठेवा. मला करताना बघायचंय."

आमच्या स्वयंपाकघरात मिक्सर आहे. उखळ मीनाबाईंकडं आहे, आणि ते जमिनीत पुरलेलं आहे, त्यांच्या सासूच्या काळापासून. ते काय पिशवीत घालून आणायचं?

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाजारातून लोखंडी खलबत्ता आणला, दुकानात होता त्यातला मोठ्यात मोठा. घरी येऊन शेंगा भाजल्या, सोलल्या, पाखडल्या, सगळं त्या सांगतात तसंच. लसूण, तिखट, जिरं, मीठ. तासभर कुटलं. मीनाबाईंची चटणी कशी, तेल सुटून तिचा गोळा होतो, बोटाला चिकटते. माझा नुसता भुगा झाला. मग मिक्सरमध्ये फिरवली तर पीठ.

सासूबाईंना चाखायला दिली. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली. "ही कुनी केली?"

"मीच की."

"व्हय. कळतंय," म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

शेवटी मीनाबाईंना गाठलं. दारातच. गाडी चालूच ठेवली होती, कारण पृथ्वीराजला जेवायला वाढायचं होतं. म्हटलं, शुक्रवारी सकाळी माझ्याकडं या, मॅडमसमोर चटणी करायची आहे.

त्यांनी हात पुसले. "मी कोन म्हनून यायचं?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. म्हटलं, "मदतीला येता असं सांगू. शेंगा निवडायला, पाखडायला. अर्ज माझ्या नावानं आहे ना, म्हणून. एकदा नंबर हातात आला की झालं."

त्या थोडा वेळ माझ्या गाडीच्या चाकाकडं बघत राहिल्या. साक्षी दारात येऊन उभी राहिली होती, तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मीनाबाईंनी तिला हातानं थांबवलं. म्हणाल्या, "बरं. येते."

डोक्यावरचा दगड उतरला. मीनाबाई फार समजूतदार आहेत. कधी खोलात जात नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ओटा तीनदा पुसला. खिडकीला जाळी लावली, कचऱ्याच्या डब्याला झाकण आणलं, टाकी धुवून घेतली. सासूबाई बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर वाती वळत बसल्या होत्या, म्हणाल्या, "दिवाळी हाय व्हय ग?" मी त्यांना सांगितलं उद्या सरकारी मॅडम येणार आहेत आणि एक बाई मदतीला येणार आहे. त्या "बरं" म्हणाल्या.

सगळ्यांनी आपलं बरं म्हणायचं आणि मी एकटीनं मरायचं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिते. सगळं लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

मीनाबाई दहालाच आल्या. इस्त्रीची साडी, पदर खोचलेला. पहिल्यांदाच माझ्या घरी आल्या त्या. खलबत्ता बघून म्हणाल्या, "हे वेलदोडं कुटायला हाय व्हय?" मी हसल्यासारखं केलं. चहा ठेवला. कप तीनच आहेत आमच्याकडं, म्हणून मी मॅडमसाठी आणि सासूबाईंसाठी कप काढले आणि मीनाबाईंना कागदी ग्लासात दिला. त्या म्हणाल्या, "नगं ताई, मी पिऊनच आले." तिसरा कप फडताळात होता. हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

मॅडम साडेअकराला आल्या. वयानं माझ्याएवढ्याच. चप्पल बाहेर काढली, नळ बघितला, डबे उघडले, जाळी बघितली. टाकी कधी धुतली विचारलं, मी खडाखडा उत्तरं दिली. "स्वयंपाकघर स्वच्छ ठेवलंय," असंही म्हणाल्या. मला वाटलं, जिंकलं.

मग त्यांनी माझं पाकीट हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. "उखळात कुटलेली. उखळ कुठं आहे?"

मी खलबत्त्याकडं बोट केलं. त्यांनी खलबत्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "यात तुम्ही विकण्याइतकी चटणी करता?"

मी शेंगांचा डबा पुढं केला. तेवढ्यात त्यांचं लक्ष मीनाबाईंकडं गेलं. त्या खिडकीपाशी धुतलेले हात पुढं धरून उभ्या होत्या. "या कोण?"

"मदतीला येतात."

"पदार्थाला हात लागतो त्या प्रत्येकाची नोंद करावी लागते. बाई, नाव सांगा."

मीनाबाईंनी पूर्ण नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव नागनाथ, आडनाव, सगळं. मग पत्ता सांगितला, गल्ली, घर नंबर, बुद्धविहारासमोर. अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत. बाहेर पलंगावर सासूबाईंचा वात वळणारा हात थांबलेला मला दारातून दिसला.

"तुम्ही इथं काय काम करता?"

मीनाबाई म्हणाल्या, "ताई सांगतील की."

आणि माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. कारखान्यात दुपारी डबा उघडून माझ्यासाठी थांबायच्या, तसंच बघत होत्या. मला तेव्हाच बोलायचं होतं. पण तीनशे पाकिटं, पुणं, भवानी पेठ, पलंगावर सासूबाई, सगळं एकदम डोक्यात आलं. मी म्हटलं, "शेंगा निवडतात. पाखडतात. चटणी मी करते."

"करा मग," मॅडम म्हणाल्या.

मी दहा मिनिटं कुटलं. घाम कपाळावरून डोळ्यांत. भुगा. मीनाबाई माझ्या हातांकडं बघत होत्या. एकदाच हळू म्हणाल्या, "मीठ आदी घाला." नंतर तेही नाही.

मॅडमनी फाइल मिटली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुमच्या हाताला याची सवय नाही. हे बघा, रजिस्ट्रेशन नुसतं नावाला मिळत नाही. पदार्थ जिथं होतो ती जागा मी बघते. उद्या कुणाच्या पोटात दुखलं तर मी याच पत्त्यावर येणार. तुम्ही मला खलबत्ता दाखवणार? अर्ज मागं घ्या. जिथं खरंच होते तिथून करा."

जाताना त्यांनी मीनाबाईंनाही नमस्कार केला. त्यांनीही केला. मग मीनाबाईंनी खोचलेला पदर सोडला, चप्पल घातली आणि गेल्या. मी "मीनाबाई" म्हटलं, तर जिन्यातून म्हणाल्या, "गडबड हाय ताई."

२२ फेब्रुवारी, शनिवार

अमृतचा मेसेज: "नंबर?"

मी उत्तर दिलं नाही. मीनाबाईंना चार फोन केले. उचलत नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

ठरवून गेले, की त्यांना सांगायचं, तुमच्या नावानं अर्ज करा, आजच करा, पंधरा दिवस हातात आहेत, मी मॅडमच्या पाया पडते. एवढं पाठ करून गेले. गाडी बंद केली. दार उघडं होतं. मी विचारलं, "आत येऊ का?" साक्षीनं मला खालून वरपर्यंत बघितलं आणि बाजूला झाली.

आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं ते लिहायलाही लाज वाटते. दोन खोल्या, आमच्यापेक्षा स्वच्छ. मागच्या दारापाशी उखळ, कडा गुळगुळीत झालेल्या, त्याच्याभोवती पांढऱ्या फरशीचा चौकोन. खिडक्यांना जाळ्या. शेंगांचे डबे मांडणीवर, प्रत्येकावर तारीख. आणि भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारी फ्रेम केलेला एक कागद. मी आधी साक्षीचं पोस्टातलं काहीतरी असेल म्हणून बघितलंच नाही. मग वरचं नाव वाचलं. मीनाबाईंचं. खाली पत्ता. खाली नंबर. पदार्थ: शेंगा चटणी. तारीख ११ सप्टेंबर.

मी खाटेवर बसलेच.

साक्षी म्हणाली, "आमच्या ऑफिसात एकानं डब्यात तुमच्या नावाचं पाकीट आणलं होतं. मला म्हणाला, घे, पायलताईंची चटणी आहे, सोलापुरात अशी कुणी करत नाही. मी ते पाकीट घरी आणून आईला दाखवलं. त्याच आठवड्यात अर्ज केला. पाहणी झाली, कागद आला."

"मग मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. एवढं सगळं होऊनही माझाच आवाज चढला!

मीनाबाई शेंगा पाखडत होत्या, सूप थांबवलं नाही. "चारदा सांगाया घेतलं. तुमची गाडी चालूच असायची."

"आणि शुक्रवारी? हे भिंतीवर असताना तुम्ही माझ्याकडं आलात कशाला?"

आता त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमी बलावलं म्हनून आले. आनि बगायचं बी व्हतं. सा वर्सं एका डब्यात जेवलोय आपन. साक्षी म्हनायची, आई, त्या तुझं नाव कदीच घ्यायच्या न्हाईत. मी म्हनायची, तसं न्हाय ग, पायलताईच्या ध्यानात आलं नसंल. म्हनलं, मॅडमनं तोंडावर इचारल्यावर तरी बगू काय म्हंत्यात."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. पाणी दिलं, त्यांच्या नेहमीच्या तांब्यातून. मग म्हणाल्या, "तीनशे पाकिटं देते. पाकिटावर माझं नाव, हितला पत्ता, हितला नंबर. खाली तुमचं नाव, इकनारं म्हनून. पटत असंल तर सांगा."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "दोन दिवस द्या."

"घ्या की," त्या म्हणाल्या, आणि सूप परत उचललं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस कशाला मागितले ते मलाच सांगता येईना. पृथ्वीराजला म्हटलं, लोक काय म्हणतील ते तुला कळत नाही. आत्यांना (सासूबाईंना मी आत्या म्हणते) काय वाटेल? त्या आठ महिने खातायत. तो म्हणाला, "आईलाच विचार की."

विचारलं. बेसनाचा हात धूत सासूबाई म्हणाल्या, "पयल्या दिसापासनं म्हाईत हाय मला. तू गाडीवर कुनीकडनं येतीस ते म्हाईत न्हाय व्हय? ह्या गावात माझी चाळीस वर्सं गेली."

मी म्हटलं, "मग खाल्लीत कशी?"

"खायाला काय हाय? चांगली लागती. पन चारचौगात सांगायचं न्हाय. खाली मायाक्का हाय, तुझ्या माहेरची मानसं हायती. गप इकायची." आणि हात पुसून गेल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अमृतला फोन केला. कडू औषध प्यावं तसं एका दमात सांगून टाकलं, बनवणाऱ्या मी नाही, दुसऱ्या बाई आहेत, नाव त्यांचं, पत्ता त्यांचा, पाकिटावर तोच छापला जाईल, मी फक्त विकते.

तो म्हणाला, "बरं. नंबर पाठवा."

"पत्ता पण तिथला असेल. बुद्धविहारासमोरचा."

"सोलापूरचाच आहे ना? मग झालं. चव तीच राहील ना तेवढं सांगा."

एवढंच. ज्या पुण्याच्या दुकानासाठी म्हणून मी हे सगळं केलं, त्या दुकानाला काही पडलेलीच नव्हती. मग घाबरत होते कुणाला? मायाक्काला? माझ्या माहेरच्या गावच्या, केमच्या मावशीला? त्यांना मी अजून काही विचारायला गेलेच नव्हते. ठरवून टाकलं होतं मीच.

मीनाबाई बौद्ध आहेत. हा शब्द मी आठ महिन्यांत एकदा उच्चारला नाही आणि या वहीतही लिहिला नाही. पत्ता लांबलचक आहे, असं लिहिलं. मागं जाऊन वाचलं, तर ते अक्षर माझंच आहे.

संध्याकाळी जाऊन सांगितलं, तुमचं म्हणणं पटलं. मीनाबाई म्हणाल्या, "बरं." या वेळी त्यांच्या ‘बरं’मुळे माझ्या डोक्यावरचा दगड वगैरे काही उतरला नाही.

१ मार्च, शनिवार

नवी लेबलं छापून आली. वर ‘शेंगा चटणी’, खाली शेंगा, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, मग बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, दोन ओळींत मावलं. नंबर. सगळ्यात खाली, बारीक, मी.

माझी इथली गिऱ्हाइकं सगळी मोबाइलवरच्या एका ग्रुपात आहेत, गल्लीतल्या, भिशीतल्या, केमच्या नात्यातल्या, एकूण बेचाळीस जणी. लेबलचा फोटो त्यात टाकला. वर लिहिलं, "आपली चटणी पहिल्यापासून मीनाबाईच करतात. आता पाकिटावरही त्यांचं नाव आहे."

अकरा जणींनी पसंतीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. एकीनं लिहिलं, "मला चार पाकिटं." दोघी ग्रुप सोडून गेल्या. भिशीच्या एकीनं आधीची ऑर्डर रद्द केली, म्हणे पित्त झालंय. सहा महिने पित्त नव्हतं. बाकीच्या नुसत्या बघून गप्प.

मग मावशीचा फोन. "पायल, आगं तो फोटू काड. आजून येळ हाय, पुसता येतोय म्हनं. तुझ्या आईला गावात तोंड दावायचं हाय."

"मावशी, तू दिवाळीला पाच पाकिटं नेली होतीस."

"ते येगळं," मावशी म्हणाली.

फोटो पुसायची सोय मोबाइल खरंच दाखवत होता. माझं बोट त्यावर गेलं होतं, खोटं कशाला बोलू. पुसला नाही.

३ मार्च, सोमवार

आज चार वाजता मायाक्का वर आल्या. मी आत पाकिटांना लेबलं लावत होते, त्यांना वाटलं मी घरी नाही. सासूबाईंनीच चहा केला. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि मग मायाक्कांनी आवाज खाली आणला. "रंभाक्का, ह्या चटणीचं तुमाला म्हाईत होतं काय?"

माझ्या हातातलं लेबल वाकडं चिकटलं.

सासूबाई म्हणाल्या, "मला काय म्हाईत, बाई. मी म्हातारी. सून पुढ्यात वाढती, मी खाती."

इतका राग आला की कानशिलं तापली. आठवड्यापूर्वी याच बाई मला म्हणाल्या होत्या, पहिल्या दिवसापासून माहीत आहे! बाहेर जाऊन त्यांना तोंडावर खोटं पाडावं, असं वाटलं. उठलेसुद्धा. आणि दारापाशी पाय थांबले, कारण बरोबर याच ओट्यापाशी, दहा दिवसांपूर्वी, मॅडमनी विचारल्यावर मी हेच केलं होतं. मला तर म्हातारपणाचं निमित्तही नव्हतं. आणि तेव्हा जिच्याबद्दल बोलत होते ती बाई समोर उभी होती.

मग बाहेर गेले. म्हटलं, "मायाक्का, आत्यांना माहीत होतं. पृथ्वीराजला माहीत होतं. मला तर होतंच. मीनाबाई करत होत्या आणि नाव मी लपवत होते. त्यांनी कुणाला फसवलं नाही. मी फसवलं."

मायाक्कांचा कप अर्ध्यावर थांबला. त्या सासूबाईंकडं बघायला लागल्या. सासूबाई खिडकीकडं. "बरं, येते मी," असं म्हणून मायाक्का उठल्या. चप्पल घालताना म्हणाल्या, "माझी दोन पाकिटं सांगितली होती ना, त्याचं नंतर सांगते." कपात चहा तसाच राहिला.

दार लागल्यावर सासूबाई माझ्यावर फिरल्या. त्यांचा असा आवाज लग्नाला नऊ वर्षं झाली तरी ऐकला नव्हता. "माझं नाव कशाला घेतलंस चारचौगात? माझं काय काम व्हतं?"

मी म्हटलं, "आत्या, तुमचं नाव मी एकदा घेतलं तर तुम्हाला एवढं लागलं. मीनाबाईंचं आठ महिने घेतलं नाही."

त्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. मी लेबलं लावत बसले, सात वाकडी लागली. ती काढून ठेवलीत, पुण्याला वाकडं पाठवायचं नाही.

आत्ताच जेवणं झाली. भाकरी, वरण आणि मध्ये बरणी, नवं लेबल लावलेली. एरवी सासूबाई बसता बसताच चटणी वाढून घेतात. आज नुसतं वरण कालवून खात होत्या. पृथ्वीराज एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. मी बरणी उघडली, माझ्या ताटात घेतली, आणि झाकण न लावता त्यांच्या बाजूला सरकवली. जेवण संपेपर्यंत त्यांनी तिला हात लावला नाही, आणि परतही सरकवली नाही.